देवळालीचा डी, एकलहऱ्याचा ई

आमच्या सोसायटीत सेक्रेटरी व्हायला एकच पात्रता लागते. घरात लॅपटॉप असावा लागतो. तो चालतो की नाही, हे कुणी विचारत नाही. सहा वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी "लॅपटॉप कुणाकडे आहे?" असं सहज विचारलं. कुणाला तरी रेल्वेचं तिकीट काढायचं असेल अशा समजुतीनं मी हात वर केला. तो अजून खाली आलेला नाही.

लॅपटॉप २०१३ सालचा. आत विंडोज सेव्हन. मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला विंडोज सेव्हनला नारळ दिला, पण आमच्याकडे तो अजून ड्युटीवर आहे. नाशिक रोडला निवृत्त माणसं काही ना काही करतच असतात, त्यातला हा एक. सकाळी लॅपटॉप चालू केला की मी गॅसवर दूध ठेवतो. दूध आधी वर येतं. नंतर एक्सेल उघडायचं म्हणजे आणखी एक चहा. तेवढ्या वेळात हातांना उद्योग हवा म्हणून माझी बोटं लॅपटॉपवरच ठेका धरतात. शाळेत असताना जेल रोडच्या एका भजनी मंडळात मी चार महिने तबला शिकलो होतो. पाचव्या महिन्यात शिकवणाऱ्यांनी हात जोडले.

सहकारी सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी द्यावी लागते. म्हणून गणपती बसायचे तेव्हाच माझा हिशेबही बसायला हवा असतो. यंदा गणपती वेळेवर बसले, वेळेवर उठले. हिशेब तसाच होता. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्री मी लॅपटॉप उघडला, एक्सेल उघडेपर्यंत अख्खी आरती वाजवून काढली, आणि तक्ता समोर आल्यावर टचपॅडवर बोट फिरवलं. बाण 'किरकोळ खर्च' या ओळीवर उभा होता. तो तिथंच उभा राहिला.

पुन्हा बोट फिरवलं. मग दोन बोटं. मग हात पुसून. मग टचपॅड पुसून. मग चष्म्याच्या कापडानं दोघांनाही पुसून. फुंकर मारली. बंद करून चालू केला, म्हणजे अर्धा तास गेला. बाण पडद्याच्या मध्यावर येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे बघत बसला.

"अहो, मोदकाचा हात लावला असेल," स्वयंपाकघरातून निदान आलं.

"अगं, मोदक संपून दहा दिवस झाले."

"तुमचे संपले. डब्यातले चार कुणी संपवले ते मला माहीत आहे."

तूप लागलं की टचपॅड बिघडतो का, हा प्रश्न वाटतो तितका खुळा नाही. टचपॅडला दाब कळत नाही, बोट कळतं. वरच्या गुळगुळीत थराखाली बारीक वाहकांची आडवी-उभी जाळी असते आणि तिच्यावर विजेचा किंचित भार खेळवलेला असतो. बोट जवळ आलं की त्यातला थोडा भार बोटाकडे ओढला जातो. कुठल्या चौकात किती कमी झाला, हे आतली चिप सेकंदात कितीतरी वेळा मोजते आणि त्यावरून बाण हलवते. म्हणून पेन्सिलीनं तो हलत नाही, नखानं हलत नाही, हातमोज्यातल्या बोटाला तो ओळख दाखवत नाही. ओल्या हाताचं मात्र त्याला भारी वावडं. पाण्याचा थेंबही त्याला बोटच वाटतो आणि मग बाण अंगात आल्यासारखा नाचतो. पण नाचणं वेगळं आणि ठार गप्प बसणं वेगळं. आमचा गप्प होता.

या जाळीचा धंदा कसा सुरू झाला, तेही वाचण्यासारखं आहे. इंटेलचा १९७१ सालचा पहिला मायक्रोप्रोसेसर ज्यांच्या हातून घडला, त्यांतले एक फेडेरिको फाजिन. त्यांनी कार्व्हर मीड या प्राध्यापकांबरोबर १९८६ मध्ये सिनॅप्टिक्स ही कंपनी काढली. यंत्राला मेंदूसारखा विचार करता यावा, अशी खटपट होती. मेंदूचा बाजार तेव्हा थंड असावा, कारण कंपनीचं बस्तान बसलं ते टचपॅडवर. विचार करायला निघालेलं यंत्र शेवटी बोट ओळखायला शिकलं. सेक्रेटरीचंही असंच होतं. निघतो आदर्श सोसायटी करायला आणि अडकतो पाण्याच्या टाकीच्या झाकणात.

रात्री अकराला मी पुण्याला पुतण्याला फोन लावला. तो हिंजवडीला असतो आणि कंपनीत नेमकं काय करतो ते घरात कुणाला माहीत नाही. म्हणून घरातली सगळी बिघडलेली यंत्रं त्याच्याकडे जातात.

"काका, सोपं आहे. डिव्हाइस मॅनेजरवर क्लिक करा."

"कशानं?"

पलीकडे शांतता. जगातली टचपॅड दुरुस्तीची प्रत्येक कृती 'इथे क्लिक करा' या वाक्यानं सुरू होते. विहिरीत पडलेल्याला "वर या, दोर देतो" म्हणावं, तसा हा प्रकार आहे.

"बरं, कीबोर्ड चालतोय ना? खिडकीचं चिन्ह असलेलं बटण दाबून धरा आणि आर दाबा. एक छोटी चौकट येईल. त्यात मी सांगतो ते टाइप करा. डी."

"बी?"

"डी. डी फॉर... देवळालीचा डी."

"हां. पुढं?"

"ई."

"इगतपुरीचा?"

"काका, इगतपुरी आय पासून. ई... ई एकलहऱ्याचा. मग व्ही, विहितगावचा. एम, मनमाडचा. जी, गांधीनगरचा. पुन्हा एम मनमाडचा. टी, टाकळीचा. मग डॉट. एम मनमाडचा, एस सिन्नरचा, सी चेहेडीचा."

"ही गाडी तीनदा मनमाडला का जाते रे?"

"एंटर मारा, काका."

मारला. डिव्हाइस मॅनेजर खरोखरच उघडला. टॅब आणि बाणांची बटणं दाबत, गल्लीबोळातून रिक्षा काढावी तसा मी टचपॅडच्या दारापर्यंत पोचलो. एंटर मारल्यावर त्यानं इंग्रजीत शेरा दाखवला. मराठीत त्याचा अर्थ इतकाच: हे यंत्र व्यवस्थित काम करत आहे.

सरकारी खात्यांबाहेर इतक्या आत्मविश्वासानं दिलेला शेरा मी पहिल्यांदाच वाचला. पुतण्यानं मग ड्रायव्हर काढायला लावला, परत घालायला लावला, पुन्हा चालू करायला लावलं. रात्री सव्वा वाजता यंत्र पुन्हा व्यवस्थित काम करत होतं आणि बाण पुन्हा जागेवर उभा होता.

दुसऱ्या दिवशी मी अडीचशे रुपयांचा माऊस आणला. खोचला आणि चालला. आमचं सोफ्यावर बसून काम करायचं वळण. त्यामुळे माऊस कधी सोफ्याच्या हातावर, कधी मांडीवर, कधी पाटावर फिरवावा लागला, पण हिशेब पुढं सरकला. इथं खरं तर हा लेख संपायला हवा होता. "झालं ना तुमचं काम?" असं घरातही विचारण्यात आलं. पण तोवर बातमी जिन्यावरून खाली गेली होती.

नाशिक रोड ही मुळात खात्यांची वस्ती. शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर स्टेशन आलं आणि स्टेशनाभोवती एकेक खातं येऊन बसलं. १९२५ मध्ये इंडिया सिक्युरिटी प्रेस, १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस, पलीकडे मध्यवर्ती तुरुंग, तिकडे तोफखान्याचं केंद्र, एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र. इथं आडनाव लागतं ते मतदार यादीपुरतं. एरवी माणूस प्रेसवाला असतो, थर्मलवाला असतो, रेल्वेवाला असतो, किंवा रोज पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन येणारा पासवाला असतो. आणि निवृत्त झाला तरी खातं त्याच्या अंगातून निवृत्त होत नाही.

पहिले आले तळमजल्यावरचे थर्मलवाले अण्णा. दोनशे दहा मेगावॅटच्या संचावर त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. साठ-पासष्ट वॅटच्या लॅपटॉपकडे त्यांनी हत्तीनं उंदराकडे बघावं तसं पाहिलं, खिशातून टेस्टर काढला, चार्जिंगची वायर लावायला सांगितली आणि लॅपटॉपच्या धातूच्या कडेला टेस्टर टेकवला. टेस्टरमध्ये मंद लाल दिवा लागला.

"अर्थिंग," अण्णा म्हणाले. हा शब्द ते 'कॅन्सर' म्हणावं तसा म्हणतात.

त्यांचं म्हणणं तत्त्वतः बरोबर होतं. अ‍ॅडॅप्टरमधून थोडी वीज लॅपटॉपच्या अंगात झिरपते. भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे जमिनीपर्यंत तार असेल तर ती तिकडून निघून जाते. नसेल तर कडेला हात लावला की झिणझिण्या येतात आणि टचपॅडचं भार मोजण्याचं गणित बिघडतं. चार्जिंग लावलं की बाण थरथरतो आणि काढलं की शहाणा होतो, असं दिसलं तर दोष अर्थिंगचा समजावा.

"पण अण्णा, चार्जिंग काढूनही हा हलत नाही."

"ते नंतर बघू. आधी खड्डा दाखवा."

सोसायटीच्या मागे, अडुळशाच्या झुडपाखाली, बिल्डरनं केलेला अर्थिंगचा खड्डा सापडला. त्याच्यावर कुणी तरी मोडकी कुंडी ठेवली होती आणि आत पाण्याचा टिपूस नव्हता. अण्णांच्या देखरेखीखाली एका माणसाकडून खड्डा उकरून घेतला, मीठ आणि कोळशाचे थर नव्यानं भरले आणि वरून पाणी सोडलं. लॅपटॉपचा टचपॅड चालावा म्हणून एक सुशिक्षित गृहस्थ झुडपात उभा राहून जमिनीत बादल्या ओततो आहे, हे दृश्य दुसऱ्या मजल्यावरच्या दोनशे चार नंबरनं गॅलरीतून पूर्ण पाहिलं. दोनशे चार नंबर काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त बादल्या मोजल्या असाव्यात.

त्या संध्याकाळपासून तीन घरांतल्या वॉशिंग मशीनचे झटके थांबले. टचपॅड चालू झाला नाही. "बघा, झाला ना फायदा?" असं म्हणून अण्णा समाधानानं घरी गेले.

नंतर आले प्रेसवाले अप्पा. नोटांच्या तपासणीत आयुष्य गेलेला हा माणूस भाजीवाल्यानं परत दिलेली दहाची नोटसुद्धा आधी उजेडाला धरतो. अप्पांनी लॅपटॉप खिडकीपाशी नेला, दांडीचं भिंग काढलं आणि टचपॅडवरून वरून खाली, डावीकडून उजवीकडे, ओळीनं नजर फिरवली. पाच मिनिटं कुणी श्वास घेतला नाही.

"वरच्या डाव्या कोपऱ्यात टिंब आहे," अप्पा म्हणाले. "बारीक. नारिंगी."

"डिझाइन असेल, अप्पा."

अप्पांनी भिंग खाली घेतलं. "डिझाइनमध्ये उगीच काही नसतं," ते म्हणाले. "नोटेवरची एक रेघसुद्धा कशासाठी तरी असते."

मी त्यांना चहा दिला. टिंबाचा विषय तिथंच संपला. तज्ज्ञ माणूस आपल्या खात्याबाहेर बोलायला लागला की आपण चहा देतो.

शेवटी बिटको चौक. चौकाच्या आसपास लॅपटॉप दुरुस्तीचं पहिलं दुकान दिसलं तिथं शिरलो. काउंटरवरच्या माणसानं झाकण उघडलं, एकदा बोट फिरवलं आणि डोळे मिटून सांगितलं, "मदरबोर्ड."

"उघडून न बघता?"

"उघडल्यावर पण मदरबोर्डच असतो, काका. साडेचार हजार. त्यापेक्षा नवीन घ्या."

मी लॅपटॉप छातीशी धरून बाहेर पडलो. मुक्तिधाम मंदिराच्या दिशेनं चालता चालता वाटलं, दर्शन घेऊन यावं. तिथल्या भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय कोरलेले आहेत. कर्म करत राहा, फळाची आशा धरू नका, हे टचपॅडवर बोट फिरवणाऱ्याला कुणी समजावून सांगायला नको. पण आत जाण्याआधीच एका जिन्याखाली टेबल टाकून बसलेला पोरगा दिसला. समोर उघडे पडलेले मोबाइल, एक सोल्डरिंग गन, आणि पंख्याला बांधलेली अगरबत्ती.

त्यानं लॅपटॉप घेतला आणि आधी तो टेबलावर ठेवून कोपरे दाबून बघितले. डुगडुगला नाही.

"आजकालच्या मॉडेलांत बॅटरी आतच असते, टचपॅडच्या आसपास," तो म्हणाला. "जुनी झाली की फुगते आणि टचपॅडला खालून उचलते. मग क्लिक दबत नाही. लोक वरून जोरात दाबतात. तसं करायचं नाही, पेट घेऊ शकते. तुमची बॅटरी मागून निघणारी आहे, म्हणजे ते नाही. आत एक चपटी पट्टी असते, ती सैल झाली असेल तर उघडावं लागेल. पण आधी..."

तो थांबला. वाकून बघितलं. मग वरच्या डाव्या कोपऱ्यावर बोटानं दोनदा टकटक केलं.

नारिंगी टिंब विझलं. बाण हलला.

"काका, टचपॅड बंद केला होता तुम्ही."

"मी?"

"इथं दोनदा टॅप केलं की बंद. दिवा लागतो. परत दोनदा केलं की चालू. टाइप करताना तळहात लागून बाण पळतो ना, म्हणून कंपनीनं दिलेली सोय आहे. काही लॅपटॉपात ती एफएन दाबून वरच्या ओळीतल्या एखाद्या बटणावर असते. तुम्हाला बोटं वाजवायची सवय आहे का?"

मी काही बोललो नाही. माझी बोटं त्या वेळी त्याच्या टेबलाच्या कडेवर दादरा वाजवत होती. ती मी खिशात घातली.

"किती द्यायचे?"

"कशाचे?"

हा प्रश्न मदरबोर्डच्या साडेचार हजारांपेक्षा महाग पडला. काहीच दिलं नाही तर आपला मूर्खपणा फुकटात ठरतो, म्हणून मी त्याच्याकडचा पन्नास रुपयांचा माऊसपॅड विकत घेतला. टचपॅड दुरुस्त झाल्यावर माऊसपॅड घेणारा मी बहुधा त्याचा पहिलाच गिऱ्हाईक.

घरी येऊन सगळं सांगितलं. मला सहानुभूतीची अपेक्षा होती.

"म्हणजे त्याला गप्प बस असं तुम्हीच सांगितलंत," भाजी निवडता निवडता उत्तर आलं, "आणि चार दिवस गावभर विचारत फिरलात, हा बोलत का नाही म्हणून. माझी सवय त्याला लागली म्हणा."

मी लॅपटॉप उघडला. आता नीट आठवलं. त्या रात्री आरतीचा ठेका धरला होता आणि सम नेमकी त्या कोपऱ्यावर पडली होती. तो बिचारा बिघडला नव्हताच. 'व्यवस्थित काम करत आहे' हा शेरा अक्षरशः खरा होता. इतक्या वर्षांत माझं पहिल्यांदाच कुणी पहिल्या फटक्यात ऐकलं, आणि मी त्याच्यावर मीठ, कोळसा, भिंग आणि हिंजवडी सोडली.

ही गोष्ट मी सोसायटीत कुणाला सांगितली नाही. अण्णांना वाटलं अर्थिंगनं काम केलं. पुतण्याला वाटलं ड्रायव्हरनं केलं. तुपाचा हात पुसला म्हणून चाललं, असंही एक मत होतं. ज्याच्या-त्याच्या खात्यावर यश जमा झालं आणि माझी अब्रू शिल्लक राहिली. अप्पांनी मात्र काही विचारलं नाही. ते एकदा जिन्यात भेटले तेव्हा फक्त म्हणाले, "टिंब गेलं का?" मी मोबाइल वाजल्यासारखं करून वर निघून गेलो.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पार्किंगमध्ये सभा झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोसे, आणि अध्यक्षांच्या घरून आणलेला टीव्ही. हिशेब सगळ्यांना दिसावा म्हणून त्याला लॅपटॉप जोडला होता. मी टचपॅडवर रुबाबात बोट फिरवत एकेक ओळ समजावून सांगत होतो. लिफ्टची देखभाल, पाणीपट्टी, वॉचमनचा पगार, गणपतीचा मंडप. बाण 'किरकोळ खर्च' या ओळीवर आला आणि दोनशे चार नंबर उभे राहिले.

"मीठ आणि कोळसा, सहाशे चाळीस रुपये. सोसायटीनं मीठ कशासाठी घेतलं, हे सेक्रेटरींनी सांगावं. मी गॅलरीतून काही गोष्टी बघितल्या आहेत."

सभा शांत झाली. खरं उत्तर द्यायचं तर ते लॅपटॉपपासून सुरू होऊन तबल्यापर्यंत जाणार होतं. माझं बोट आपोआप वरच्या डाव्या कोपऱ्याकडे गेलं. टक, टक.

मी टचपॅडवर बोट फिरवलं. बाण हलला नाही. पुन्हा फिरवलं.

"अरेरे," मी म्हणालो. "पुन्हा गेला वाटतं. जुनं मशीन आहे. हा मुद्दा पुढच्या सभेत घेऊ या का?"

लगेच पार्किंगभर निदानं सुरू झाली. अण्णांनी टेस्टर काढला. महिला मंडळातून तुपाचं नाव निघालं. पासवाल्यांनी नवीन लॅपटॉपचे भाव सांगितले. कुणी तरी 'मदरबोर्ड' असंही म्हणालं. त्या गोंधळात पहिल्या रांगेतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अप्पा सावकाश उठले, पुढं आले, खिशातून दांडीचं भिंग काढून लॅपटॉपवर वाकले.

"नारिंगी," ते म्हणाले. "मघाशी नव्हतं. आत्ता लागलं."

आणि मग माझ्या कानाशी, हळूच: "दोनदा वाजवलंत. मोजलं मी. आमचं आयुष्य मोजण्यात गेलंय, सेक्रेटरी."

त्यांनी बोट उचललं, कोपऱ्यावर दोनदा टेकवलं, आणि बाण 'मीठ आणि कोळसा' या शब्दांवर नेऊन नीट उभा केला. भिंग खिशात ठेवलं. खुर्चीवर जाऊन बसले. समोशाची बशी मांडीवर घेतली.

"हं," अप्पा म्हणाले. "मिठापासून सांगा."